बेरीज शून्य

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेसात. विकांताला इतक्या सकाळी फोन करणारा माणूस एक तर घरचा असतो, नाहीतर गडचिरोलीकडचा. हा दोन्ही होता. वडिलांची बदली कुरखेड्याला होती तेव्हा आम्ही चार वर्षं एका बाकावर बसलो. आता तो पुराड्याच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी शेती करतो आणि उन्हाळ्यात ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशेब लिहितो.

"काहून बे, तुह्या कंप्युटरले बेरीज येत नाई का? रातभर बसून समदे आकडे टाकलो, अन खाली सून्य दाखवून रायला!"

'तुह्या कंप्युटर' म्हणजे मी त्याला बनवून दिलेली स्प्रेडशीट. आधी तो सगळं वहीत लिहायचा. गावातली शंभरेक कुटुंबं, रोजचे पुडे, शेकड्याचा भाव, प्रत्येकाची रक्कम. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "वही सोड, मोबाइलवर करून देतो." आणि आता ठेकेदाराचा माणूस दुपारी यायचा होता, गावातली माणसं ओट्यावर जमली होती, आणि माझी शीट शंभर कुटुंबांच्या हंगामभराच्या मेहनतीची किंमत शून्य सांगत होती.

शीट उघडली आणि दहा सेकंदांत कळलं. त्याने मराठी कळफलकावरून आकडे टाकले होते. १२५, ८०, २१०... डोळ्यांना आकडेच. स्प्रेडशीटच्या लेखी मात्र ती अक्षरं होती, 'कखग' लिहावं तशी. आणि अक्षरांची बेरीज शून्य.

मी आकडे बदलून देणारं एक सूत्र लावलं, बेरीज आली, गडी खूश. पण माझं डोकं दिवसभर त्या शून्याभोवती फिरत राहिलं. त्या माणसाचं काय चुकलं होतं? लहानपणी शाळेत शिकवलेले आकडे त्याने लिहिले. सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर, पाठ्यपुस्तकात हेच आकडे असतात. चुकलं यंत्राचं. आणि यंत्राला मराठी शिकवण्याचा उद्योग तर चाळीस वर्षं चालू आहे. मग अजून हे का व्हावं?

तर आजचा लेख त्या चाळीस वर्षांबद्दल.

आधी खिळे, मग कळा

हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. विल्यम केरीने १८०५ साली सेरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून देवनागरी आणि यंत्र यांची झटापट चालू आहे. इंग्रजीला लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं धरून शंभरेक खिळे पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून खिळ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. खिळे कमी करायची खटपट लोकमान्य टिळकांनी केली. सावरकरांनी तर 'इ, ई, उ, ऊ' काढून टाकून 'अ'चीच बाराखडी करा असं सुचवलं. टंकलेखन यंत्र आलं तेव्हा चाळीस-पंचेचाळीस कळांवर मराठी बसवताना पुन्हा तीच कापाकापी झाली. या सगळ्यातलं सूत्र एकच: यंत्राला झेपत नाही, तर भाषेने अंग चोरून बसावं.

संगणकाने हे उलटं करायची संधी दिली, कारण संगणकात 'साठवणं' आणि 'दाखवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापखान्यात 'क्ष'चा खिळा म्हणजेच 'क्ष'. संगणकात मात्र क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे साठवायचे आणि पडद्यावर त्यांचं एक अक्षर जोडून दाखवायचं. खिळ्यांची संख्या हा प्रश्नच मिटला.

ही कल्पना आपल्याकडे फार लवकर आली, हे आमच्या पिढीला फारसं माहीत नसतं. आयआयटी कानपूरमध्ये सत्तरच्या दशकातच भारतीय लिप्यांवर काम सुरू झालं. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. गंमत म्हणजे मराठीत जिथे 'क' तिथेच बंगालीत 'क', तिथेच तेलुगूत 'क'. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि कानपूरचं हे काम 'जिस्ट' या नावाने तिथे वाढलं. संगणकात एक जिस्ट कार्ड बसवायचं, की डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी प्रोग्राममध्ये मराठी लिहिता यायचं. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक आलं. त्यातही तोच विचार होता: सगळ्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एक, म्हणून 'क'ला सगळीकडे एकच क्रमांक, आणि तो कुठल्या लिपीत दाखवायचा ते वेगळं सांगायचं.

(थोडं विषयांतर: गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे आमचा जिल्हा आणि संगणकावरची देवनागरी साधारण एकाच वयाचे. दोघांनाही सारखं सांगितलं जातं, अजून विकास व्हायचाय! :-) )

फॉन्टांचं जंगल

मग नव्वदीत विंडोज आलं आणि गाडी रुळावरून घसरली. जिस्ट कार्ड महाग, आणि विंडोजला देवनागरी येत नव्हती. मग लोकांनी जुगाड केला. इंग्रजी फॉन्ट घ्यायचा आणि त्यातल्या अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे काढून बसवायचे. एका जागी अर्धा 'म', दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी रफार. संगणक समजतो इंग्रजी चाललंय, माणूस वाचतो मराठी.

प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले. त्यामुळे एका फॉन्टात लिहिलेली फाइल दुसऱ्या फॉन्टात उघडली की टोप्या आणि शेपट्या लावलेल्या रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. ज्यांनी त्या काळात एखाद्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंक केलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. फाइलबरोबर फॉन्टही फ्लॉपीवर घालून न्यायचा. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी याद्या अशाच फॉन्टांत टाइप झाल्या, आणि फॉन्ट हरवल्यावर त्या वाचता येईनाशा झाल्या.

पण एक गोष्ट बघा. यातल्या काही फॉन्टांत १ची कळ दाबली की आत इंग्रजी एकच साठायचा, फक्त त्याचं चित्र मराठी एकाचं असायचं. म्हणजे स्प्रेडशीटला ते आकडेच वाटायचे आणि बेरीज बरोब्बर यायची! माझ्या मित्राने हाच हिशेब १९९८ साली एखाद्या चोरट्या फॉन्टात केला असता, तर रविवारी सकाळी माझी झोप मोडली नसती. खोट्या मराठीत बेरीज येत होती, खरी मराठी आली आणि बेरीज गेली.

खरी मराठी म्हणजे युनिकोड. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच कोष्टकात जागा देणारं हे मानक १९९१ मध्ये सुरू झालं. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली आहे. विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा युनिकोड देवनागरी आणि मराठीचा पर्याय आला. सोबत 'मंगल' नावाचा फॉन्ट आला. तो काढला होता र. कृ. जोशी यांनी, म्हणजे सुलेखनकार आणि कवी असलेल्या आपल्याच मराठी माणसाने. एक्सपीच्या काळात आपण काय करायचो आठवतं? कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग तो एक्सपीची सीडी मागायचा, सीडी कपाटात सापडायची नाही, आणि तोवर पडद्यावर 'कि'ची वेलांटी 'क'च्या उजवीकडे लोंबकळत राहायची. त्या दिवसांत महाजालावर मराठी वाचणं हा एक पराक्रम होता.

कुऱ्हाडीचा र आणि ॲपचा ॲ

युनिकोड आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. देवनागरी एक असली तरी मराठी म्हणजे हिंदी नव्हे, हे यंत्राला पटवायला पुढची कैक वर्षं गेली.

पहिली अडचण 'ऱ्य' आणि 'र्‍ह'ची. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर प्रवचन होतं, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण. हिंदीला हा फरक लागत नाही. आमच्याकडे तर रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, तिलाही हाच र लागतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ या जागेवरचं 'ऱ' हे अक्षर आणि हलन्त. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. म्हणून एका पद्धतीने लिहिलेली 'कुऱ्हाड' दुसऱ्या पद्धतीने शोधली तर पुष्कळदा सापडत नाही. (याच परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मी दोन्ही वापरलेत. ओळखा बघू!)

त्यातही मजा आहे. कोष्टकात ते ०९३१चं अक्षर द्राविडी भाषांमधला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून नोंदवलेलं आहे. मराठीची सोय त्यात मागाहून बसवल्यासारखी शेजारी टिपून ठेवली आहे. द्राविडी हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

दुसरी अडचण 'ॲ'ची. मराठीत आपण 'ॲसिड' लिहितो, म्हणजे 'अ'वर चंद्र. सुरुवातीच्या युनिकोडमध्ये होता तो 'ए'वर चंद्र असलेला 'ऍ'. म्हणून त्या काळातल्या जालावरच्या मराठीत जिकडेतिकडे 'ऍसिड' आणि 'ऍडमिशन' दिसतात. कुणी 'अ' लिहून पुढे सुटा चंद्र द्यायचं, तर मध्येच ठिपक्यांचं एक वर्तुळ उगवायचं. आपला 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. म्हणजे मराठीच्या एका स्वराला सतरा वर्षं वाट बघावी लागली.

तिसरी 'ल' आणि 'श'ची. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरवलं. पण दोन्हींचा युनिकोड क्रमांक एकच, त्यामुळे कुठलं वळण दाखवायचं हे फॉन्टने मजकुराची भाषा बघून ठरवायचं असतं. मजकुरावर 'ही मराठी आहे' अशी चिठ्ठीच लावली नसेल, तर फॉन्ट बिचारा काय करणार?

चिठ्ठी

ही चिठ्ठी म्हणजे आजच्या विषयाचा गाभा. आमच्या धंद्यात तिला लोकॅल म्हणतात. भाषा अधिक देश: मराठी-भारत, हिंदी-भारत, इंग्रजी-अमेरिका. चिठ्ठी वाचून प्रोग्रामने ठरवायचं की तारीख आधी दिवस लिहून दाखवायची की आधी महिना, आकडे कुठले, स्वल्पविराम कुठे, आणि याद्या कुठल्या क्रमाने लावायच्या. जगभरच्या लोकॅलची माहिती एकत्र ठेवणारा एक मोठा सामायिक साठा आहे, सीएलडीआर नावाचा. २००४ पासून तो युनिकोडवाले सांभाळतात. तुमच्या फोनपासून ब्राउझरपर्यंत बहुतेक सगळे त्यातूनच वाचतात.

त्यात मराठीची पानं चाळली तर मजा येते. आकड्यांपुढे लिहिलंय: देवनागरी. हिंदीपुढे मात्र आंतरराष्ट्रीय आकडे! एकाच ब्राउझरला बारा लाख चौतीस हजार हिंदीत दाखवायला सांगितलं तर इंग्रजी वळणाचे आकडे येतात, मराठीत सांगितलं तर '१२,३४,०००' येतं. याचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसून राज्यघटनेत असावं असं मला वाटतं. कलम ३४३ प्रमाणे संघराज्याची राजभाषा देवनागरीतली हिंदी, पण शासकीय कामासाठी आकडे मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले. दिल्लीची हिंदी त्या आकड्यांना सरावली. महाराष्ट्राने १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी कारभार केला तो देवनागरी आकड्यांतच. संविधान सभेतल्या एका तडजोडीची सावली आज फोनच्या पडद्यावर पडते.

लाख-कोटींची गोष्टही अशीच. आपण आधी तीन आकडे आणि मग दोन-दोन तोडतो. जावामधला नेहमीचा आकडे मांडणारा वर्ग आजही हे करू शकत नाही. तुम्ही नमुन्यात दोन-दोनचे स्वल्पविराम दिलेत तरी तो फक्त शेवटचा गट बघतो आणि सगळीकडे तोच लावतो. त्याच्या कागदपत्रांत हे सरळ लिहून ठेवलंय. भारतात बँकांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या किती जणांनी स्वतःचं 'लाख लावणारं' फंक्शन लिहिलं असेल, मोजायलाही लाख-कोटीच लागतील. मी स्वतः दोन लिहिलीत.

आणि माझ्या मित्राचं शून्य? तेही इथलंच. आकडे 'दाखवणं' आणि आकडे 'वाचणं' हे दोन वेगळे धडे आहेत. दाखवायला बहुतेक प्रोग्राम शिकले, वाचायला थोडेच. पायथनला '१२' हे मराठीत दिलं तर तो निमूट बारा समजतो. जावास्क्रिप्टला दिलं तर म्हणतो, हा आकडाच नाही. म्हणजे तोच ब्राउझर तुम्हाला मराठीत रक्कम दाखवेल, पण तीच रक्कम तुम्ही मराठीत टाइप केली तर ओळख दाखवणार नाही. सरकारी बाबूच म्हणा ना.

याद्यांचा क्रम घ्या. युनिकोडच्या कोष्टकात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसलाय. आपल्या वर्णमालेत मात्र तो 'ह'नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. आमच्या भागातली आडनावं लावायची म्हटली, तर कोष्टकाच्या क्रमाने कुमरे, कुळमेथे, कुसराम असं येतं. मराठी क्रमाने कुमरे, कुसराम, कुळमेथे. सीएलडीआरमध्ये मराठीचा हा क्रम व्यवस्थित दिलेला आहे. वापरतो कोण, हा प्रश्न वेगळा.

सगळ्यात अवघड भाग तर कुठल्याच कोष्टकात मावत नाही, तो म्हणजे सामान्यरूप. इंग्रजी प्रोग्रामर रिकाम्या जागेत गावाचं नाव घालून मोकळा होतो. मराठीत 'कुरखेडा'चं 'कुरखेड्यात' होतं, 'कुरखेड्याहून' होतं. म्हणून नकाशे आणि निरोप आपल्याशी 'कुरखेडा मध्ये' आणि 'कुरखेडा पासून ५ किमी' असं बोलतात. आपल्याला कळतं, पण कानाला खडा लागल्यासारखा लागतो.

सत्तर की पन्नास?

असो. तर बेरीज आली होती आणि मी पुण्यात बसून स्वतःवर खूश होतो. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. या वेळी मागून त्याच्या आईचा आवाज येत होता. लहानपणी मी तिच्याकडे पुष्कळ जेवलोय. ती फोन घेऊन म्हणाली, "कसा रे बापू, पुडा सत्तरचा रायते ना? हा पन्नासचा कोनाचा?"

आता मला घाम फुटला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेंदूची पानं पहाटे रानातून तोडून आणतात, घरी बसून त्यांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. ठेकेदाराशी व्यवहार होतो तो प्रमाण गोणीत. एक प्रमाण गोणी म्हणजे १००० पुडे. मी शीट बनवताना 'प्रमाण गोणी म्हणजे किती पानं' हे जालावर शोधलं होतं आणि पहिलं उत्तर उचललं होतं: ५०,००० पानं. उत्तर बरोबर होतं, पण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी. तिथे पुडा ५० पानांचा. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा, म्हणजे गोणी ७०,००० पानांची. मी एकूण पानं मोजून त्यांना पन्नास हजाराने भागत होतो. एक लाख पुडे म्हणजे ७० लाख पानं, म्हणजे १०० गोणी. माझ्या शीटने दाखवल्या असत्या १४०.

दुपारी ठेकेदाराच्या माणसापुढे हा कागद गेला असता तर काय झालं असतं? पेसा कायदा १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा. त्यांच्या जोरावर या भागातल्या ग्रामसभा आपला तेंदू आणि बांबू स्वतः विकायला लागल्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले २००९ मध्ये. आधी जे लोक फक्त मजुरी घ्यायचे, ते आता मालक म्हणून टेबलाच्या या बाजूला बसतात. आणि टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाचा हिशेब एकदा जरी चाळीस टक्क्यांनी फुगलेला निघाला, तर पुढच्या वर्षी त्याच्या खऱ्या हिशेबावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शून्य निदान दिसतं तरी, १४० दिसत नाही. ते एखाद्या बरोबर उत्तरासारखंच दिसतं.

म्हणजे ज्या अमेरिकन प्रोग्रामरांना मी वरती नावं ठेवली, तेच मी केलं होतं. त्यांनी त्यांच्या घरचे आकडे सगळ्यांचे धरले, मी जालावर पहिला सापडलेला पुडा सगळ्यांचा धरला. 'मराठी-भारत' या चिठ्ठीत पुड्याची पानं लिहिलेली नसतात. तसंच सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं मध्ये दोन टिंबं देऊन लिहितात, '१.२०.५०' असं, तेही नसतं. आकडा वाचणारं कुठलंही फंक्शन त्या दुसऱ्या टिंबाला अडखळतं. ही माहिती तलाठ्याकडे असते, मुन्शीकडे असते, पुडे बांधणाऱ्या बाईच्या बोटांत असते.

आकी

अजून एक गोष्ट मला त्या फोनवर उशिरा लक्षात आली. मावशी माझ्याशी झाडीबोलीत बोलली, पण मागे वळून मुलाशी बोलली ती गोंडीत. पुडे मोजतानाही ती उंदी, रंड, मुंड असंच मोजते. मी एवढा मराठीचा कैवार घेऊन बसलोय, पण तिच्या लेखी मराठी ही इंग्रजीसारखीच बाहेरची, फक्त जरा जवळच्या गावची.

२०११च्या जनगणनेप्रमाणे गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख. भाषा द्राविडी कुळातली. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. बालाघाट भागातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली, ती युनिकोडमध्ये २०१७ साली आली. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावातल्या जुन्या हस्तलिखितांतली दुसरी लिपी २०१८ साली आली. आपली मोडी आली होती २०१४ मध्ये. तेव्हा आपल्याला किती आनंद झाला होता! पण मोडी ही आपली आठवण आहे, गोंडी ही तिची रोजची भाषा आहे. आणि अक्षरांना जागा मिळणं ही पहिलीच पायरी, हे आपण मराठीच्या बाबतीत बघितलंच. त्यानंतर कळफलक, फॉन्ट, महिन्यांची नावं, क्रम, आणि हे सगळं कुठल्या गोंडीत, गडचिरोलीच्या की आदिलाबादच्या, हे ठरवायला एकत्र बसणारी माणसं. २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने छत्तीसगडकडे सीजीनेट स्वर सुरू झालं. त्यांनी लिहिण्याचा प्रश्नच बाजूला ठेवला. साध्या फोनवरून आपल्या भाषेत बोलायचं, दुसऱ्याने फोन करून ऐकायचं. कधीकधी वाटतं, खिळ्यांपासून सुरू झालेल्या या सगळ्या रस्त्यापेक्षा तो जवळचा होता.

त्या दुपारी मी शीटमध्ये दोन बदल केले. पुड्यातली पानं हा आकडा सूत्रातून काढून वरती एका रकान्यात ठेवला, ७० असा, म्हणजे तो दिसेल आणि चुकला तर कुणालाही बोट ठेवता येईल. आणि मथळ्यांच्या वर एक ओळ रिकामी सोडली. मित्राला म्हटलं, इथे तुमचे शब्द तुम्ही लिहा, मी लिहीत नाही.

संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. ठेकेदाराचा माणूस सही करून गेला होता, १०० गोणींवर थोडं जास्तच भरलं. रिकाम्या ओळीत अजून एकच रकाना भरलेला होता. 'पानं'च्या वर देवनागरीत लिहिलं होतं 'आकी'. तेलुगूतला पानासाठीचा शब्द 'आकु', त्याचाच हा भाऊ. बाकीचे रकाने ग्रामसभेत विचारून भरतो म्हणाला.